रेडमाइनचा डेटाबेस वेगळ्या मशीनवर हलवला, आता जोडणीच होत नाही

कामापुरता

नमस्कार मंडळी,

आमच्या टीमची सगळी कामं रेडमाइनवर चालतात. तिकिटं, कोणी किती तास घातले त्याच्या नोंदी, गॅन्ट चार्ट, विकी, सगळं तिथेच. आजवर रेडमाइन आणि त्याचा पोस्टग्रेस डेटाबेस एकाच मशीनवर सुखाने नांदत होते. मशीन धापा टाकायला लागलं, म्हणून डेटाबेस दुसऱ्या मशीनवर हलवायचं वरून ठरलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं. मी प्रोग्रॅमर आहे, सर्व्हर सांभाळणारा नाही, हे आधीच सांगून टाकतो.

डेटाबेसचा डंप (अख्खी प्रत) घेतला, नव्या मशीनवर रिस्टोअर केला, तिथल्या तिथे पोस्टग्रेसच्या पीएसक्यूएल कमांडने बघितलं तर सगळी तिकिटं जागच्या जागी. मग रेडमाइनच्या डेटाबेस-डॉट-वायएमएल फाइलमध्ये होस्टसमोर नव्या मशीनचा आयपी टाकला आणि रीस्टार्ट केलं. ब्राउझरमध्ये ‘इंटर्नल एरर’. लॉगमध्ये हे:

‘कुड नॉट कनेक्ट टू सर्व्हर: नो रूट टू होस्ट. इज द सर्व्हर रनिंग ऑन होस्ट १०.२०.५.१४ अँड अ‍ॅक्सेप्टिंग टीसीपी/आयपी कनेक्शन्स ऑन पोर्ट ५४३२?’

डोकं फिरवणारी गोष्ट अशी की त्याच मशीनवरून पिंग केला तर लगेच उत्तर येतं. रूट नाही म्हणतो आणि पिंग जातो, हे कसं काय?

पोस्टग्रेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिसन-अ‍ॅड्रेसेस समोर तारा टाकलाय, म्हणजे सगळ्या पत्त्यांवर ऐक. कोणाला आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या पीजी-एचबीए फाइलमध्ये रेडमाइनच्या मशीनच्या आयपीची, म्हणजे १०.३०.२.८ ची ओळ घातलीय. पोस्टग्रेस रीस्टार्ट केलंय. दोन्हीकडे अल्मालिनक्स, पोस्टग्रेस १३. रेडमाइन अपाचे वेब सर्व्हरखाली पॅसेंजरवर चालतं, आवृत्ती जुनी आहे आणि ती बदलायची मला परवानगी नाही. दोन्ही मशीन वेगळ्या सबनेटमध्ये आहेत, मधला फायरवॉल नेटवर्कवाल्यांच्या ताब्यात. ते म्हणतात ‘आमच्याकडून पोर्ट उघडं आहे’.

तूर्तास जुन्याच डेटाबेसवर परत आणलंय, त्यामुळे कोणी अडलेलं नाही. पण किती दिवस?

झटपट

डेटाबेसच्या मशीनवर फायरवॉल-डी (मशीनचा स्वतःचा फायरवॉल) बंद करा, दोन्हीकडे सेलिनक्स (लिनक्सचा सुरक्षा पहारेकरी) डिसेबल करा, पीजी-एचबीएमध्ये ०.०.०.०/० ला ‘ट्रस्ट’ द्या. पाच मिनिटांचं काम. आतलं नेटवर्क आहे, कोण येतंय तिथे.

रात्रपाळी

वरचा सल्ला कृपया घेऊ नका. चालणार नाही असं नाही, चालेल. म्हणूनच वाईट आहे. ‘ट्रस्ट’ म्हणजे पासवर्ड न विचारता आत घेणं, आणि ०.०.०.०/० म्हणजे कोणालाही. वर तीन गोष्टी एका दमात बदलल्या की नेमकं कशाने चाललं ते कळत नाही, मग पुढे कोणाची त्या परत लावायची हिंमत होत नाही. असे ‘तात्पुरते’ ट्रस्ट मी वर्षानुवर्षं चालू असलेले बघितलेत.

आता पिंगचं. पिंग आयसीएमपीवर चालतो, पोस्टग्रेस टीसीपीवर, हे दोन वेगळे प्रोटोकॉल. पिंग आला म्हणजे मशीन जिवंत आहे आणि तिथवर वाट आहे, एवढंच. ५४३२ बद्दल तो अवाक्षर बोलत नाही.

खरी माहिती तुमच्या एररमध्ये आहे. लोक एरर वाचत नाहीत, ‘कनेक्ट होत नाही’ एवढंच वाचतात. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आणि ‘टाइम्ड आउट’ यांत फोन कट करणं आणि रिंग वाजत राहणं यांच्याइतका फरक आहे. रिफ्यूज्ड म्हणजे पाकीट (नेटवर्कचं पॅकेट) मशीनपर्यंत पोचलं आणि त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही असं उत्तरही आलं. बहुतेक वेळा पोस्टग्रेस फक्त १२७.०.०.१ वर बसलेलं असतं. टाइम्ड आउट म्हणजे पाकीट कुठेतरी गिळलं गेलं आणि उत्तर कोणीच दिलं नाही. आयपी चुकलाय किंवा मधला फायरवॉल गुपचूप टाकून देतोय.

तुमचा तिसरा प्रकार. पिंग चालतो आणि तरी ‘नो रूट टू होस्ट’, हे कॉम्बिनेशन रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर (तुमचं अल्मालिनक्स त्यातलंच) दिसलं की मी आधी फायरवॉल-डी बघते. त्याला न आवडलेलं पाकीट तो टाकून देत नाही, ‘प्रशासनाने मनाई केली आहे’ अशा अर्थाचं आयसीएमपी उत्तर पाठवतो. पाठवणाऱ्या बाजूचं लिनक्स त्या उत्तराचं भाषांतर ‘नो रूट टू होस्ट’ असं करतं. रूट आहे, दारावर अडवलंय. पिंगला त्याची मुळात आडकाठी नसते, म्हणून तो जातो.

तरी माझ्यावर विश्वास ठेवू नका, बघून घ्या. डेटाबेसच्या मशीनवर अ‍ॅडमिन (रूट युजर) होऊन टीसीपीडम्प ही येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारी कमांड लावा, पोर्ट ५४३२ आणि आयसीएमपी एवढंच गाळून. मग रेडमाइनच्या मशीनवरून एनसी कमांडने ५४३२ वर एकदा टकटक करा. सिन पाकीट (जोडणी मागणारं पहिलं पाकीट) येताना दिसलं आणि याच मशीनवरून मनाईचं उत्तर जाताना दिसलं, तर नेटवर्कवाले खरं बोलतायत. सिन आलंच नाही, तर तोच आउटपुट त्यांना पाठवा. ‘आमच्याकडून उघडं आहे’ या वाक्यावर वाद घालत बसण्यात अर्थ नसतो, डम्प दाखवला की संभाषण संपतं.

फायरवॉल-डीच निघाला तर बंद करू नका. फक्त रेडमाइनच्या आयपीवरून ५४३२ ला परवानगी देणारा रिच रूल घाला. ‘परमनंट’ लावून घातलेला नियम फायरवॉल रीलोड करेपर्यंत लागू होत नाही, आणि परमनंट न लावलेला मशीन रीबूट होताच उडतो. दोन्हीने लोक फसतात.

त्याच मशीनवर एसएस कमांडने ऐकणारी पोर्टंही बघा. ५४३२ च्या आधी ०.०.०.० दिसायला हवं. १२७.०.०.१ दिसलं तर तुमचा तारा लागलेलाच नाही. लिसन-अ‍ॅड्रेसेसला रीलोड पुरत नाही, रीस्टार्टच लागतो. रीस्टार्ट करूनही तेच दिसत असेल तर पीएसक्यूएलमध्ये ‘शो कॉन्फिग-फाइल’ विचारा. एकाच मशीनवर पोस्टग्रेसच्या दोन आवृत्त्या असल्या की माणसं भलत्याच फाइलमध्ये लिहीत बसतात. आणि कोणी कधी ‘ऑल्टर सिस्टिम’ वापरलं असेल तर ते ऑटो-डॉट-कॉन्फमध्ये जातं आणि मूळ फाइलवर मात करतं.

कामापुरता

ताई, डम्प लावला. सिन येत होतं आणि लगेच मनाई जात होती. नेटवर्कवाल्यांना मनातल्या मनात बोललेलं सगळं परत घेतलं. रिच रूल घातला, रीलोड केलं, पुढे सरकलो.

आता रेडमाइनच्या मशीनवरून पीएसक्यूएल चालवलं तर हे येतं:

‘फेटल: नो पीजी-एचबीए एन्ट्री फॉर होस्ट १०.२०.५.१, युजर रेडमाइन, डेटाबेस रेडमाइन, एसएसएल ऑफ’

पण १०.२०.५.१ हा आयपी माझ्याकडे कुठेच नाही! पीजी-एचबीएमध्ये ओळ १०.३०.२.८ ची आहे आणि रेडमाइनचं मशीनही तेच आहे.

रात्रपाळी

छान एरर आहे. ही ओळ पोस्टग्रेसने स्वतः पाठवलेली आहे, म्हणजे नेटवर्क, पोर्ट, ऐकणं सगळं पार झालं. आता प्रश्न फक्त आत घ्यायचं की नाही एवढाच.

त्यातला आयपी म्हणजे पोस्टग्रेसला दिसलेला पाहुणा. तुमच्या दृष्टीने तुम्ही कोण आहात याला काही किंमत नाही, त्याला कोण दिसतंय ते महत्त्वाचं. शेवटी .१ आहे म्हणजे बहुधा त्या सबनेटचा गेटवे. मधला फायरवॉल पत्ता बदलून, म्हणजे नॅट करून, पुढे पाठवतोय.

एक विचारायचं राहिलं. फायरवॉल-डीच्या रिच रूलमध्ये १०.३०.२.८ लिहिला असता तर तिथेच अडलं असतं. तुम्ही नेमकं काय लिहिलंत?

पीजी-एचबीएमध्ये १०.२०.५.१/३२ टाकलंत तर आत्ता चालेल. पण मग त्या फायरवॉलमागून येणारं कुठलंही मशीन पोस्टग्रेसला सारखंच दिसणार, आयपीवरून ओळखण्याला काही अर्थच उरणार नाही. दोन आतल्या सबनेटमध्ये नॅटची गरज सहसा नसते. नेटवर्कवाल्यांना एवढंच सांगा की या दोन पत्त्यांमध्ये नॅट नको. तुमच्याकडे डम्प आहेच.

ते होईपर्यंत एक बघून ठेवा. पीजी-एचबीएमध्ये वरून खाली पहिली जुळणारी ओळ लागते आणि तिथे पासवर्ड चुकला तर पोस्टग्रेस खालची ओळ बघायला जात नाही. तुमची ओळ शेवटी असेल आणि वर कुठे तोच पत्ता झाकणारी मोठी रेंज असेल तर खालची ओळ नुसती शोभेची. फाइलमध्ये लिहिण्यात गडबड झाली असेल तर रीलोडनंतर पोस्टग्रेस निमूटपणे जुनेच नियम वापरत राहतं, फक्त लॉगमध्ये कुरकुर करतं. पीजी-एचबीए-फाइल-रूल्स नावाचा व्ह्यू आहे, त्यात चुकलेली ओळ एररसकट दिसते.

कामापुरता

रिच रूलमध्ये मी सोर्सच दिला नव्हता, पोर्ट तेवढं लिहिलं होतं. आता दिला.

नेटवर्कवाल्यांनी नॅट काढलं. पीएसक्यूएल रेडमाइनच्या मशीनवरून एकदम व्यवस्थित! पासवर्ड विचारतो, तिकिटं दाखवतो. डेटाबेस-डॉट-वायएमएलमध्ये तोच युजर, तोच पासवर्ड, तोच होस्ट. आणि रेडमाइन म्हणतं:

‘कुड नॉट कनेक्ट टू सर्व्हर: परमिशन डिनाइड. इज द सर्व्हर रनिंग ऑन होस्ट १०.२०.५.१४…’

हाताने चालतं, रेडमाइनमधून नाही. यापुढे माझी मती खुंटली.

झटपट

परमिशन डिनाइड म्हणतोय तर युजरला डेटाबेसवर हक्क नाहीत. ग्रँट ऑल द्या, झालं.

ओळओळ

त्याआधी वायएमएल फाइल परत बघा. पासवर्ड अवतरणात आहे ना? नुसते आकडे असतील तर वायएमएल त्याला संख्या समजतं, स्पेसनंतर हॅश आला तर पुढचं सगळं कॉमेंट होतं, आणि अ‍ॅट किंवा ताऱ्याने सुरुवात असेल तर फाइलच वाचता येत नाही. बदल प्रॉडक्शनच्या भागात केलाय ना, डेव्हलपमेंटच्या नाही? शिवाय एन्व्हायर्नमेंटमध्ये डेटाबेस-यूआरएल नावाचं व्हेरिएबल कोणी ठेवलं असेल तर रेल्स (रेडमाइन ज्यावर बांधलंय ते) त्यातल्या गोष्टींना फाइलपेक्षा जास्त मान देतं. मग फाइल कितीही बदला, ढिम्म फरक पडत नाही.

रात्रपाळी

ओळओळ यांचे मुद्दे योग्य आहेत, पण इथे ते नसणार. पासवर्ड चुकला असता तर ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड’ आलं असतं. जुना होस्ट उचलला गेला असता तर एररमध्ये १०.२०.५.१४ दिसला नसता.

झटपट, ग्रँटने काहीही होणार नाही. हक्क नसतील तेव्हा पोस्टग्रेस ‘परमिशन डिनाइड फॉर टेबल इश्यूज’ असं टेबलाचं नाव घेऊन सांगतं, आणि तेसुद्धा आत घेतल्यानंतर. इथे वाक्याची सुरुवात ‘कुड नॉट कनेक्ट’ आहे. म्हणजे हे पोस्टग्रेस बोलतच नाहीये, रेडमाइनच्या मशीनचं लिनक्स बोलतंय. पडताळा सोपा आहे: पोस्टग्रेसमध्ये लॉग-कनेक्शन्स चालू करा, रीलोड करा आणि रेडमाइन उघडा. पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये त्या प्रयत्नाची एकही ओळ येणार नाही. पीएसक्यूएलची मात्र येईल.

हा सेलिनक्स आहे. तुमचा टर्मिनल मोकळ्या संदर्भात चालतो, त्याला कुठेही जोडणी करायची मुभा असते. अपाचेखाली चालणारी प्रोसेस बंदिस्त असते आणि तिने बाहेर डेटाबेसशी बोलणं डीफॉल्टने बंद असतं. डेटाबेस त्याच मशीनवर होता आणि सॉकेट फाइलमधून बोलणं होत होतं तोवर या नियमाशी गाठच पडली नाही.

ए-यू-सर्च कमांडने ताज्या एव्हीसी नोंदी (सेलिनक्सने अडवल्याच्या) काढा. त्यात ‘डिनाइड’, ‘नेम-कनेक्ट’, डेस्टिनेशन ५४३२ आणि सोर्सच्या संदर्भात एचटीटीपीडी-टी असं एका ओळीत सापडलं, तर सेट-सी-बूल कमांडने ‘एचटीटीपीडी-कॅन-नेटवर्क-कनेक्ट-डीबी’ हा बूलियन (चालू-बंद खटका) ऑन करा. मोठा पी लावून, नाहीतर रीबूटला परत बंद. ‘डीबी’ नसलेला त्याच नावाचा आणखी एक बूलियन आहे, तो अपाचेला कुठल्याही पोर्टवर जायची मोकळीक देतो. तो नको, तुम्हाला डेटाबेसपुरतंच हवंय.

सोर्समध्ये एचटीटीपीडी-टीऐवजी दुसरं काही असेल तर ती अख्खी ओळ इथे डकवा. खात्री करायला सेट-एन्फोर्स शून्य करून (म्हणजे सेलिनक्सचं अडवणं तात्पुरतं थांबवून) एकदा बघायला हरकत नाही, पण बघून झालं की परत एक करा. तिथेच सोडू नका.

कामापुरता

एव्हीसीची ओळ तंतोतंत मिळाली. नेम-कनेक्ट, ५४३२, एचटीटीपीडी-टी. बूलियन ऑन केला, कमांड थोडा वेळ अडकल्यासारखी वाटली पण झाली. रेडमाइन उघडलं!! टीममधल्या कोणाला कळलंसुद्धा नाही की डेटाबेस हलला, यापेक्षा मोठी पावती काय.

ताई, खूप आभार.

नवाखाता

माझं रेडमाइन मायएसक्यूएलवर आहे. यातलं किती लागू?

ओळओळ

फायरवॉल आणि सेलिनक्स जसंच्या तसं, फक्त पोर्ट ३३०६. लिसन-अ‍ॅड्रेसेसच्या जागी बाइंड-अ‍ॅड्रेस. पीजी-एचबीए असा प्रकार तिथे नाही, युजरच्या नावालाच होस्ट चिकटलेला असतो. रेडमाइन-अ‍ॅट-लोकलहोस्ट आणि रेडमाइन-अ‍ॅट-१०.३०.२.८ हे मायएसक्यूएलच्या लेखी दोन वेगळे युजर, पासवर्डही वेगळा असू शकतो. एरर ११३० आला तर त्या होस्टसाठी युजरच नाही, १०४५ आला तर बहुतेक पासवर्ड. २००३ आला तर कंसातला आकडा बघा: १११ म्हणजे रिफ्यूज्ड, ११० म्हणजे टाइमआउट, ११३ म्हणजे वर चर्चा झालेलं नो रूट.

आणखी एक. मायएसक्यूएल ८.० पासून पासवर्डची डीफॉल्ट पद्धत बदलली, कॅशिंग-शा-२ झाली. जुन्या रेडमाइनसोबत जुनी क्लायंट लायब्ररी असेल तर ती तिथे अडखळते.

कामापुरता

परत आलो. वाटलं होतं सुटलं.

दिवसभर रेडमाइन पळतं. पण सकाळी जो पहिला उघडेल त्याचं पान नुसतं फिरत राहतं. वैतागून तो टॅब बंद करतो, दुसऱ्यांदा उघडतो, कधी चालतं तर कधी परत फिरतं. लॉगमध्ये साधारण पंधरा मिनिटांनी ‘कुड नॉट रिसीव्ह डेटा फ्रॉम सर्व्हर: कनेक्शन टाइम्ड आउट’ येतं आणि मग दिवसभर कटकट नाही. दुपारीही कोणी बराच वेळ वापरलं नाही तर तसंच. पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये त्या वेळी काहीच नाही.

रोज पहाटे क्रॉनमधून रेडमाइन रीस्टार्ट करावं का?

झटपट

मी असंच करतो. चालतं.

रात्रपाळी

पंधरा मिनिटं हा आकडा लिहिलात हे फार बरं केलंत, त्यावरूनच ओळखता येतं.

रेडमाइन प्रत्येक क्लिकला नवी जोडणी करत नाही. काही जोडण्या उघडून पूलमध्ये ठेवतं आणि त्याच पुन्हा पुन्हा वापरतं. रात्री कोणी नसतं, जोडणी नुसती पडून असते. मधला फायरवॉल चालू जोडण्यांची यादी ठेवतो आणि ठरावीक वेळ काही हालचाल झाली नाही तर ती नोंद पुसून टाकतो. पुसताना दोन्हीपैकी कोणालाही कळवत नाही! रेडमाइनला वाटतं जोडणी शाबूत आहे, पोस्टग्रेसलाही तसंच वाटतं.

सकाळी पहिला माणूस येतो, रेडमाइन त्या मेलेल्या जोडणीवर क्वेरी पाठवतं, फायरवॉल पाकीट टाकून देतो. लिनक्स बिचारं पुन्हा पाठवतं, दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबून. टीसीपी-रिट्राइज-२ ची डीफॉल्ट किंमत १५ आहे आणि त्या हिशेबाने हार मानायला सुमारे ९२४ सेकंद लागतात. तुमची पंधरा मिनिटं ती. दुसऱ्यांदा उघडल्यावर कधी चालतं, कधी नाही, कारण पूलमधली कोणती जोडणी हाती लागते ते नशीब.

डेटाबेसच्या मशीनवर पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटी बघा. रेडमाइनच्या नावावर ‘आयडल’ अवस्थेत कालच्या तारखेच्या जोडण्या बसलेल्या सापडतील, ज्यांचं दुसरं टोक रेडमाइनने कधीच सोडून दिलंय. हे साचत गेलं की एक दिवस ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’ येतं, कारण मॅक्स-कनेक्शन्स डीफॉल्टने १०० च असतं. तेव्हा लोक तो आकडा वाढवतात आणि दुखणं पुढे ढकलतात. क्रॉनचा रीस्टार्टही त्यातलाच. शिवाय तो दुपारच्या अडकण्याला काही करणार नाही.

इलाज कीपअलाइव्हचा, म्हणजे पडून असलेल्या जोडणीवर अधूनमधून जाणाऱ्या छोट्या पाकिटाचा. लिनक्समध्ये तो पहिल्यांदा निघतो ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी. फायरवॉल त्याच्या खूप आधी नोंद पुसून मोकळा होतो. डेटाबेस-डॉट-वायएमएलच्या प्रॉडक्शन भागात तीन ओळी वाढवा: कीपअलाइव्हज-आयडल ६०, कीपअलाइव्हज-इंटरव्हल १०, कीपअलाइव्हज-काउंट ३. फाइलमध्ये नावांतल्या डॅशऐवजी अंडरस्कोअर लिहा. पोस्टग्रेसचा अ‍ॅडॉप्टर हे पर्याय खालच्या लायब्ररीपर्यंत पोचवतो. मग जोडणी मिनिटभर गप्प राहिली की एक छोटं पाकीट जातं, फायरवॉलला ती जिवंत दिसते, आणि खरंच मेली असेल तर दीड मिनिटात कळतं.

पोस्टग्रेसच्या बाजूलाही टीसीपी-कीपअलाइव्हज-आयडल असंच लहान करा. तिथे शून्य म्हणजे बंद नाही, शून्य म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचं डीफॉल्ट, पुन्हा तेच दोन तास. याला रीलोड पुरतो.

नेटवर्कवाल्यांना आयडल टाइमआउट किती आहे ते विचारून ठेवा. वाढवून मागू नका, ते नाही म्हणतील आणि त्यांचं बरोबर असेल. फक्त तुमचा ६० त्यापेक्षा कमी आहे ना एवढं बघायचं.

तारीखवार

धागा वाचतोय, मस्त चाललाय. माझं थोडं वेगळं आहे. आमचं शेड्यूलिंगचं सॉफ्टवेअर विंडोजवर आहे, प्रत्येकाच्या पीसीवर बसवलेलं, डेटाबेस एसक्यूएल सर्व्हरवर. ऑफिसमध्ये चालतं. साइटवरून व्हीपीएन लावला की ‘एरर लोकेटिंग सर्व्हर/इन्स्टन्स स्पेसिफाइड’. सर्व्हरच्या नावापुढे उलटी तिरकी रेघ आणि इन्स्टन्सचं (त्या मशीनवर चालणाऱ्या एसक्यूएल सर्व्हरच्या एका प्रतीचं) नाव असं लिहितो आम्ही. पोर्ट १४३३ व्हीपीएनवर उघडून घेतलंय.

रात्रपाळी

१४३३ उघडून उपयोग नाही कारण तुमचा इन्स्टन्स बहुधा तिथे नाहीच. नाव दिलेला इन्स्टन्स डीफॉल्टने डायनॅमिक पोर्टवर बसतो. क्लायंट आधी एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर या सेवेला यूडीपी १४३४ वर विचारतो की बाबा, या नावाचा इन्स्टन्स कुठल्या पोर्टवर आहे. व्हीपीएनवर तो यूडीपी अडला की उत्तर येत नाही आणि हाच एरर मिळतो.

१४३४ उघडत बसू नका, कारण मग डायनॅमिक पोर्टही उघडावं लागेल आणि ते बदलू शकतं. कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये त्या इन्स्टन्सच्या टीसीपी/आयपीच्या गुणधर्मांत आयपी-ऑल खाली डायनॅमिकची जागा मोकळी करा आणि टीसीपी पोर्टसमोर एक ठरलेला आकडा लिहा. सेवा रीस्टार्ट करा, तेवढंच पोर्ट व्हीपीएनवर उघडून घ्या, आणि क्लायंटमध्ये सर्व्हरचं नाव, स्वल्पविराम, पोर्ट असं लिहा. पोर्ट दिलं की ब्राउझरला कोणी विचारत नाही. साइटवरच्या पीसीवर पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शनला तेच पोर्ट देऊन आधी तपासा.

पुढे ‘लॉगिन फेल्ड’, म्हणजे १८४५६ आला तर पीसीवरच्या एररमधला स्टेट वाचू नका, तो मुद्दामच नेहमी १ दाखवतात. खरा स्टेट सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये असतो. ५ म्हणजे असा युजर नाही, ८ म्हणजे पासवर्ड चुकला, ५८ म्हणजे सर्व्हर फक्त विंडोज लॉगिन घेतो आणि तुम्ही एसक्यूएलचं देताय. आणि नवीन पीसीवरच सर्टिफिकेटची तक्रार आली, जुन्यांवर नाही, तर ओडीबीसी ड्रायव्हर १८ बघा. त्या आवृत्तीपासून एन्क्रिप्शन डीफॉल्टने सक्तीचं झालं.

तारीखवार

कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये बघितलं, पोर्ट खरंच भलतंच होतं. आमच्या व्हीपीएनवाल्यांना मेल टाकलाय, ठरलेलं पोर्ट मिळालं की सांगतो.

कामापुरता

पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये कालच्याच नाही, परवाच्यासुद्धा जोडण्या बसलेल्या होत्या. नेटवर्कवाल्यांचा आयडल टाइमआउट तीस मिनिटं निघाला. दोन्हीकडे कीपअलाइव्ह लावलाय. एक शंका: वायएमएल बदलल्यावर अख्खं अपाचे रीस्टार्ट करावं लागेल का? त्यावर आणखी दोन साइट्स चालतात.

रात्रपाळी

नाही. रेडमाइनच्या टीएमपी फोल्डरमधल्या रीस्टार्ट-डॉट-टीएक्सटी फाइलला टच करा, पुढच्या विनंतीला पॅसेंजर फक्त रेडमाइन नव्याने उठवतो. मग एसएस कमांडला छोटा ओ लावून ५४३२ च्या जोडण्या बघा. प्रत्येक ओळीच्या शेवटी टायमरमध्ये कीपअलाइव्ह आणि साठच्या आतली सेकंदं दिसली की लागलं. दोन तासांचा आकडा दिसला तर वायएमएलमधल्या त्या ओळींची स्पेलिंग तपासा.

कामापुरता

दिसलं. कीपअलाइव्ह, ४३ सेकंद.